कटआउटच्या कडेला राहणारी पांढरी किनार: ती का येते आणि कशी घालवावी

झेंडूचे फूल पांढऱ्या कागदावर ठेवून फोटो काढला, पार्श्वभूमी काळजीपूर्वक कापली, पीएनजी (पारदर्शक भाग जपणारी) फाइल तयार केली आणि पडद्यावर ती निर्दोष दिसली. मात्र तेच फूल अल्बमच्या मरून पानावर ठेवताच प्रत्येक पाकळीभोवती खडूने रेघ ओढल्यासारखी फिकट किनार उमटली. डिजिटल स्क्रॅपबुकसाठी सजावटीचे घटक स्वतः तयार करणाऱ्यांना वारंवार भेडसावणारी अडचण हीच आहे. नाशिकमध्ये लग्नाचे, मुंजीचे आणि बारशाचे अल्बम सजवणाऱ्यांना ती विशेष जाणवते, कारण आपल्याकडे पानांसाठी मरून, गर्द हिरवा किंवा जांभळा असे भरदार रंग निवडण्याची पद्धत आहे आणि अशा रंगांवर दोन पिक्सेलची फिकट कडही लपत नाही.

या अडचणीवर सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे सिलेक्शन (निवडलेल्या भागाची हद्द) एक-दोन पिक्सेल आत घेऊन पुन्हा कापणे. त्याने कधी काम भागते, कधी भागत नाही, आणि पुढच्या फुलाच्या वेळी तीच तक्रार नव्याने सुरू होते. याचे कारण असे की हा उपाय कटआउटचा आकार बदलतो, दोष मात्र बहुतेक वेळा आकारात नसून कडेच्या रंगात असतो. हा फरक लक्षात घेतला की पुढचे उपाय कशासाठी आहेत ते समजते.

कडेच्या पिक्सेलमध्ये काय असते

फोटोतील फुलाची कड एखाद्या पिक्सेलच्या रेषेवर नेमकी संपत नाही. कडेचा पिक्सेल अर्धा पाकळीवर आणि अर्धा कागदावर पडतो, त्यामुळे कॅमेरा त्यात दोन्हींचे मिश्रण नोंदवतो. आकड्यांत पाहू, प्रत्येक रंगाचे माप 0 ते 255 धरून. झेंडूचा केशरी रंग लाल 240, हिरवा 140, निळा 20 असा धरला आणि कागद तिन्ही बाबतींत 255 धरला, तर साध्या सरासरीने कडेचा पिक्सेल 248, 198, 138 असा होतो. आपण पार्श्वभूमी कापतो तेव्हा सॉफ्टवेअर या पिक्सेलला पन्नास टक्के पारदर्शक करते, पण त्याचा रंग 248, 198, 138 असाच ठेवते. म्हणजे त्यात मुरलेला कागद बाहेर निघतच नाही.

आता हे फूल 90, 15, 30 अशा मरून पानावर ठेवले, तर कडेला 169, 107, 84 हा रंग दिसतो. शुद्ध केशरी आणि मरून यांचे निम्मे-निम्मे मिश्रण मात्र 165, 78, 25 असायला हवे होते. लाल रंगात फारसा फरक नाही. हिरवा वाढला आहे आणि निळा तर तिपटीहून अधिक झाला आहे. केशरी वस्तूभोवतीची किनार पिठूळ, दुधाळ का दिसते, याचे उत्तर या निळ्यात आहे. पान पांढरेच असते तर हा दोष दिसलाही नसता, कारण पांढऱ्यात पांढरे मिसळले असते.

छपाईत हा फरक किती मोठा दिसतो, याचाही हिशेब सोपा आहे. बारा इंच चौरस पान 300 पिक्सेल प्रति इंच या मापाने केले तर ते 3600 गुणिले 3600 पिक्सेलचे होते आणि त्यावर दोन पिक्सेलची किनार सुमारे 0.17 मिलिमीटर जाडीची छापली जाते. तेच फूल लहान आकारात तयार करून पानावर दुप्पट मोठे केले की किनारही दुप्पट होते. म्हणून घटक नेहमी लागेल त्याहून मोठ्या आकारात तयार करावा आणि पानावर लहान करावा.

आधी निदान

कापायला सुरुवात करण्यापूर्वीच वस्तूच्या लेयरखाली (लेयर म्हणजे चित्राचा स्वतंत्र थर) एक गडद मरून, एक काळा आणि एक हळदी पिवळा असे तीन भरीव लेयर करून ठेवावेत आणि काम करताना ते आलटून पालटून चालू करावेत. पारदर्शकता दाखवणाऱ्या राखाडी-पांढऱ्या चौकटींवर कड तपासण्यात अर्थ नाही. त्या चौकटी फिकट असल्यामुळे फिकट किनार त्यांच्यात हरवून जाते. दोनशे टक्के झूमवर कड पाहावी. त्याहून मोठे केले तर प्रत्येक पिक्सेल दोषी वाटू लागतो आणि काम संपत नाही.

किनार सगळीकडे सारखी, एक-दोन पिक्सेल जाडीची आणि जुन्या पार्श्वभूमीच्या रंगाची असेल, तर वर सांगितलेले मिश्रणच कारण आहे. ती तीन-चार पिक्सेल रुंद, झगझगीत आणि गडद पानाफुलांभोवती अधिक ठळक असेल, तर फोनने फोटो घेतानाच केलेल्या शार्पनिंगचा तो परिणाम असतो. शार्पनिंगमध्ये कडेच्या उजळ बाजूला आणखी उजळ रेघ तयार होते. कडेभोवती ठिपके आणि मळकट चौकोन दिसत असतील तर मूळ फोटो जेपीईजीमध्ये जास्त दाबला गेला आहे. ही पद्धत चित्राचे आठ गुणिले आठ पिक्सेलचे ठोकळे पाडते आणि तीव्र कडेजवळ त्या ठोकळ्यांत कचरा उरतो. असा फोटो बहुधा व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेला असतो. त्यावर मेहनत करण्यापेक्षा मूळ फोटो मागवावा. कड पायऱ्यांसारखी दातेरी असेल तर मॅजिक वाँड (सारख्या रंगाचा भाग निवडणारे साधन) वापरताना अँटी-एलियस (कड मऊ करणारी सोय) बंद राहिले आहे, किंवा फाइल जिफमध्ये साठवली आहे. जिफमध्ये पिक्सेल एक तर पूर्ण पारदर्शक असतो नाही तर पूर्ण अपारदर्शक, तर नेहमीच्या पीएनजीमध्ये पारदर्शकतेच्या 256 पायऱ्या मिळतात.

एक गोष्ट दोष समजू नये. हाताने फाडलेल्या रंगीत कागदाची पांढरी, तंतुमय कड ही खरीच असते आणि स्क्रॅपबुकमध्ये तीच शोभते. ती काढून टाकणारे लोक पाहिले की वाईट वाटते.

फोटोशॉपमध्ये उपाय

पहिला नियम असा की पार्श्वभूमी खोडून टाकू नये, लेयर मास्क (लेयरचा कोणता भाग दिसावा ते ठरवणारा पडदा) लावून झाकावी. मास्क असला की आकार एका ठिकाणी आणि रंग दुसऱ्या ठिकाणी राहतो आणि दोहोंना स्वतंत्रपणे हात लावता येतो.

मिश्रणाची किनार असेल तर सर्वांत जलद मार्ग ‘सिलेक्ट अँड मास्क’मधील ‘डिकंटॅमिनेट कलर्स’ हा आहे. कडेच्या पिक्सेलमधील परका रंग काढून तेथे जवळच्या आतल्या भागाचा रंग भरण्याचे काम तो करतो. हा पर्याय पिक्सेलचे मूळ रंग बदलत असल्यामुळे त्याचे आउटपुट नव्या लेयरवरच मिळते. मूळ लेयर जपून ठेवावा. सोबत ‘शिफ्ट एज’ उणे दहा ते उणे वीस टक्क्यांपर्यंत नेल्यास बहुतेक फुले साफ होतात. जुन्या आवृत्तीत हे सगळे ‘रिफाइन एज’ या नावाने सापडते.

मास्क आधीच कायम करून टाकला असेल तर ‘लेयर’ मेनूतील ‘मॅटिंग’ पाहावे. तेथील ‘डीफ्रिंज’ कडेच्या पट्टीत शेजारचा शुद्ध रंग भरतो आणि ‘रिमूव्ह व्हाइट मॅट’ कडेच्या रंगातून पांढरा वजा करतो. दुसरा पर्याय वर दाखवलेल्या हिशेबाचीच उलटी क्रिया असल्यामुळे, पिक्सेल किती पारदर्शक आहे याची नोंद अचूक असेल तेव्हाच तो नीट चालतो. ती चुकलेली असेल तर कड उलट काळपट होते. तसे दिसताच मागे येऊन डीफ्रिंज वापरावे.

या दोन्हींपेक्षा हाताचा उपाय अधिक भरवशाचा आहे आणि छपाईशी संबंध असलेल्या कोणालाही तो लगेच पटतो, कारण कागद कापताना पांढरी फट दिसू नये म्हणून रंग कापण्याच्या रेषेबाहेर नेतात, त्या ब्लीडचेच हे रूप आहे. मास्कला हात न लावता लेयरमधील चित्राचे लघुरूप निवडावे, क्लोन स्टॅम्प (एका जागेचा भाग दुसरीकडे उमटवणारे साधन) घ्यावा, पाकळीच्या आतला, कडेपासून चार-पाच पिक्सेल अंतरावरचा भाग नमुना म्हणून घ्यावा आणि तो कडेवरून बाहेर, कागदावर ओढावा. मास्कबाहेरचे काहीच दिसत नसल्यामुळे बाहेर किती रंग सांडला याची चिंता नसते, आणि कडेच्या अर्धपारदर्शक पिक्सेलमध्ये आता निव्वळ पाकळीचा रंग उरतो. झेंडूच्या फुलाभोवती अशी एक फेरी मारायला फार वेळ लागत नाही आणि ते फूल पुढे कोणत्याही रंगाच्या पानावर चालते.

गिम्पमध्ये उपाय

गिम्प हे मोफत सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना ‘कलर टू अल्फा’ हे सांगितलेला रंग पारदर्शक करणारे साधन ठाऊक असते, पण ते संपूर्ण लेयरवर लावले जाते आणि मग मोगऱ्याच्या पाकळ्या किंवा चांदीच्या वाटीवरची चमकही पारदर्शक होऊन बसते. ते फक्त कडेवर लावावे. त्यासाठी ‘अल्फा टू सिलेक्शन’ने वस्तू निवडावी, सिलेक्शन दोन-तीन पिक्सेल आकुंचित करावे, मग ते उलटे करावे, आता वस्तूपैकी केवळ कडेची पट्टी निवडलेली राहते. येथे पांढरा रंग सांगून ‘कलर टू अल्फा’ चालवले की मिश्रणातला कागद निघून जातो. 2018 मधील 2.10 आवृत्तीपासून या साधनाला पारदर्शकतेची आणि अपारदर्शकतेची अशा दोन मर्यादा मिळाल्या आहेत; दुसरी मर्यादा थोडी खाली आणल्यास फिकट पण खरा रंग वाचतो.

याने न भागल्यास लेयरचा अल्फा चॅनेल (पारदर्शकतेची नोंद) लॉक करावा आणि मोठ्या, मऊ ब्रशने किंवा क्लोनने आतला रंग कडेवर ओढावा. लॉक असल्यामुळे आकार बदलत नाही, रंग तेवढा बदलतो. फोटोशॉपच्या हाताच्या उपायाचाच हा दुसरा अवतार आहे. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फोटोपियातही मास्क आणि क्लोन स्टॅम्प दोन्ही असल्यामुळे तोच मार्ग तेथे चालतो.

जेथे आत घेणे चालतच नाही

निफाड-दिंडोरीकडे एप्रिलच्या खरड छाटणीनंतर द्राक्षाच्या वाळलेल्या काड्या आणि त्यांना लटकलेले कुरळे तणावे मुबलक मिळतात. स्क्रॅपबुकच्या कोपऱ्यात वळण घेणारा असा तणावा फार सुरेख दिसतो, पण तो कापणे ही या साऱ्या चर्चेची खरी परीक्षा आहे. फोटोत त्याची जाडी काही ठिकाणी जेमतेम तीन पिक्सेल असते. म्हणजे तो सगळाच कड असतो. आत असे काही नसतेच. सिलेक्शन एक पिक्सेल आत घेतले की दोन्ही बाजूंनी मिळून दोन पिक्सेल जातात आणि तणाव्याचे तुकडे पडतात.

येथे आकार चॅनेलमधून (एकेका रंगाच्या राखाडी नोंदीतून) घ्यावा. चॅनेल पॅनेलमध्ये लाल, हिरवा आणि निळा हे तीन चॅनेल एकेक करून पाहावेत. तपकिरी तणावा पांढऱ्या कागदावर निळ्या चॅनेलमध्ये सर्वांत काळा दिसतो. त्या चॅनेलची प्रत घ्यावी, लेव्हल्सने (उजेड-अंधार जुळवणाऱ्या साधनाने) कागद पूर्ण पांढरा आणि तणाव्याचा गाभा पूर्ण काळा करावा, परंतु मधल्या राखाडी छटा मारू नयेत, कारण कडेचा मऊपणा त्यांच्यातच आहे. ही प्रत उलटी करून मास्क म्हणून लावली की आकार तयार होतो. मग लेयरमधल्या रंगाचे काय करायचे? तणाव्याच्या जाड भागातून दोन-तीन तपकिरी छटा उचलाव्यात आणि मास्कखाली, तणाव्याच्या मार्गावर, ऐसपैस रुंद ब्रशने भरून टाकाव्यात. मूळ पोत थोडा हरवतो हे खरे. पण तीन पिक्सेलच्या जाडीत पोत कोणी पाहत नाही आणि किनार मात्र समूळ जाते.

येवल्याच्या पैठणीच्या पदराच्या दशांनाही हीच रीत लावावी. पैठणीच्या काठाची पट्टी रिबन म्हणून वापरायची असेल तर तिच्या लांब कडा सरळ असतात. त्या पेन टूलने कापाव्यात, त्यांना चॅनेलची गरज नाही. काम असते ते टोकाच्या सुट्या धाग्यांचे. एकाच पट्टीसाठी दोन मास्क करून एकत्र केले तर लाज वाटण्यासारखे काही नाही. जरीबाबत एक सावधगिरी बाळगावी: जरीची चमक कडेपर्यंत येते आणि ती खरोखरच पांढरट असते, त्यामुळे ‘डिकंटॅमिनेट कलर्स’ तिला परका रंग समजून मळकट करू शकते. त्या भागात त्याचा परिणाम मास्कने झाकून मूळ जर परत आणावी.

भांडी बाजारातून आणलेला तांब्याचा गडवा असो की पितळी समई, चकचकीत धातूची किनार वेगळ्याच कारणाने येते. गोलाकार भांड्याच्या कडेला भोवतालचा कागद प्रतिबिंबित झालेला असतो, त्यामुळे ती पांढरी पट्टी कडेबाहेरची नसून भांड्यावरचीच असते आणि कितीही डीफ्रिंज केले तरी जात नाही. पट्टी पाच-दहा पिक्सेल रुंद असेल तर हीच शंका घ्यावी. नव्या रिकाम्या लेयरला क्लिपिंग मास्क लावून (म्हणजे रंग भांड्याबाहेर जात नाही), ब्लेंड मोड (लेयर खालच्याशी मिसळण्याची रीत) गडद करणारा मल्टिप्लाय ठेवून, तांब्याच्या गडद छटेने ती हलकी दाबावी. पूर्ण पुसू नये. कडेची चमक पूर्ण पुसली तर गडवा सपाट पुठ्ठ्याचा वाटतो.

पणतीच्या ज्योतीचा फोटो बहुधा अंधारात काढलेला असतो आणि तेथे किनार पांढरी न येता काळी येते. पानावर काम करताना स्क्रीन हा उजळ करणारा ब्लेंड मोड लावून काळा घालवता येतो, पण पीएनजी फाइल ब्लेंड मोड साठवत नाही, त्यामुळे दुसऱ्याला दिलेल्या फाइलमध्ये काळा चौकोन परत येतो. घटक म्हणून द्यायची ज्योत ‘कलर टू अल्फा’त काळा रंग सांगून तयार करावी. ज्योतीचा फिकट पिवळा विस्तार अर्धपारदर्शक होतो आणि मागचे पान त्यातून दिसू लागते.

फोटो काढतानाच

वरचे निम्मे कष्ट फोटो काढताना वाचवता येतात. पांढरा कागद हीच सर्वोत्तम पार्श्वभूमी, असा समज रूढ आहे; तो मला पटत नाही. कागदाचा रंग पुढच्या पानाच्या गडदपणाशी जुळता असावा. मरून किंवा हिरव्या पानांवर जाणारी फुले मध्यम राखाडी कार्डशीटवर ठेवून फोटो काढला तर कडेला उरलेला राखाडी अंश गडद पानावर जवळजवळ दिसत नाही, आणि वस्तू निवडताना पुरेसा फरकही मिळतो. निळी किंवा हिरवी कार्डशीट टाळावी. तिचा रंग पाकळ्यांच्या खालच्या बाजूवर चढतो आणि नंतर सहज उतरत नाही.

वस्तू कागदावर थेट न ठेवता काचेच्या तुकड्यावर, कागदापासून वीतभर उंच ठेवावी, म्हणजे तिची सावली आणि कागदाचा उजेड दोन्ही दूर राहतात. प्रकाश ओसरीवरचा किंवा खिडकीतला, थेट ऊन नसलेला असावा. फोनमध्ये रॉ (प्रक्रिया न केलेल्या) फोटोची सोय असेल तर ती वापरावी, कारण त्यात फोनचे शार्पनिंग मिसळलेले नसते. फुले ताजी, दव किंवा पाणी पुसलेली असावीत. पाण्याचा थेंब कडेवर असला की तो मास्कमध्ये भोक पाडतो.

साठवताना आणि पाठवताना

ट्रिम करण्याआधी (म्हणजे भोवतालची रिकामी जागा कापण्याआधी) वस्तूभोवती चुकून राहिलेले एक-दोन टक्के दिसणारे पिक्सेल पुसून घ्यावेत. डोळ्यांना न दिसणाऱ्या या ठिपक्यांमुळे कॅनव्हास नीट कापला जात नाही आणि पानावर घटक मध्यभागी आणताना तो सरकलेला वाटतो. सावली फाइलमध्ये भाजून देऊ नये. प्रत्येक घटकाची सावली वेगळ्या दिशेला पडली तर पान खोटे दिसते, शिवाय कापताना राहिलेली मूळ सावली आणि नवी सावली मिळून खालच्या कडेला काळी किनार तयार होते, जी घालवण्यासाठी मग लोक पुन्हा डीफ्रिंजकडे वळतात. सावली द्यायचीच असेल तर स्वतंत्र पीएनजीत द्यावी आणि तिच्या विरळ टोकाभोवती भरपूर रिकामी जागा ठेवावी, नाहीतर ती सरळ रेषेत कापली जाते.

रंग एसआरजीबी या पडद्यासाठीच्या नेहमीच्या रंगपद्धतीत ठेवावेत. पीएनजीमध्ये सीएमवायके (छपाईच्या चार शाईंची रंगपद्धत) साठवता येत नाही, त्यामुळे छपाईचे रूपांतर पूर्ण पानावर, छपाई करणाऱ्या लॅबच्या सूचनेप्रमाणे शेवटी करावे.

आणि फाइल व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवली तर ती जेपीईजी होते. जेपीईजीमध्ये पारदर्शकता नसल्यामुळे समोरच्याला फूल भरीव पार्श्वभूमीसह मिळते आणि तो ते पुन्हा घाईघाईने कापतो. एवढ्या निगुतीने साफ केलेली कड अशा रीतीने दुसऱ्या घरी जाऊन पुन्हा पांढरी होते. पीएनजी नेहमी डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, आणि घटक अनेक असतील तर त्यांची एक झिप फाइल करून द्यावी.